सांताक्रूझची किल्ली

इब्रामपूर, पेडणे
५ जानेवारी २०२५

रुद्रेश,

माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस, म्हणून टपाल. पाठवणारी म्हणून पाकिटावर हर्षाचं नाव घातलं आहे. अक्षर माझं आहे आणि ते तू ओळखतोस. तरीही शेवटपर्यंत वाच, कारण हे पत्र माझ्या बायकोबद्दल, तुझ्या बहिणीबद्दल आहे.

हर्षाला कॅन्सर झाला आहे. गर्भाशयाच्या मुखाचा. नोव्हेंबरात तपासणीत निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची वेळ गेली, पण बरं होण्याची वेळ अजून गेलेली नाही. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून, रोज बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रेडिएशन घ्यायचं. आमच्या वाड्यावर त्याला 'लाईट' म्हणतात. जोडीला आठवड्यातून एकदा शिरेतून औषध आणि शेवटी काही दिवस आतून लाईट. सगळं समजावून झाल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून सांगितलं, की एकही दिवस चुकवू नका. मध्ये खंड पडला की रोगाला श्वास घ्यायला मिळतो. मग पुढची लाईट त्याला पुरी पडत नाही.

मी तुझ्याकडे पैसे मागत नाही. उपचार फुकट आहे, डॉक्टर चांगले आहेत, त्यांच्याविरुद्ध माझ्यापाशी एक शब्दही नाही, आणि माझ्यापाशी कुणाविरुद्ध शब्द नसणं ही केवढी गोष्ट आहे ते तुला ठाऊक आहे. उपचार फुकट आहे. अंतर फुकट नाही. बाहेरून येणारे म्हणतात, तुमचा गोवा केवढासा, इथून निघालं की चहा थंड व्हायच्या आत तिथे. गाडी असली तर. इब्रामपुरातून पहाटेची बस धरायची, म्हापशाला उतरायचं, पणजीची धरायची, पणजीत उतरून बांबोळीची धरायची. काही मिनिटांची लाईट घ्यायची आणि त्याच वाटेनं परत यायचं. हे धडधाकट माणसानं महिनाभर करून दाखवावं. तिच्या अंगात रक्त नाही, ओटीपोटात आग आहे, आणि दर अर्ध्या तासाला तिला संडास लागतो. बसमध्ये संडास नसतो, रुद्रेश.

सांताक्रूझला तुझा फ्लॅट कुलूपबंद आहे. तिथून इस्पितळ रिक्षानं दहा मिनिटं. गिऱ्हाईक आलं की दाखवायचा म्हणून तू तो रिकामा ठेवतोस. मी तेवढंच मागतो आहे. पाच-सहा आठवडे ती किल्ली तिच्या हातात दे.

आठ वर्षांपूर्वी पेडण्याच्या बाजारात मी माईकवरून तुझं नाव घेतलं. रस्ता रुंद करायचा आहे असं सांगून तू गावातल्या म्हाताऱ्यांच्या सह्या-अंगठे घेतलेस आणि त्यांवर आमचा वरचा डोंगर प्लॉटवाल्यांना मोकळा करून दिलास, असं मी म्हणालो. त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. ते माझं आणि तुझं आहे. हर्षाचं नाही. तू मला दार उघडू नकोस. मी तिला खाली जिन्यापाशी सोडीन आणि परत फिरेन.

गोकुळदास


इब्रामपूर
१६ जानेवारी

रुद्रेश,

तुझं उत्तर हर्षाच्या मोबाईलवर आलं. 'ताय, फ्लॅटाक रंग काडटंव, वासान तुका त्रास जातलो. मार्चा उपरांत बघूया.' तिनं ते मला वाचून दाखवलं आणि वर म्हणाली, "बघ, माझ्या त्रासाचो किती विचार करता तो."

ती थट्टा करत होती की खरंच तसं समजत होती, ते मला विचारवलं नाही.

मार्चनंतर म्हणजे काय, ते तुला कळतं. रोग तुझ्या रंगाऱ्याच्या सवडीनं चालत नाही. सोमवारपासून लाईट सुरू झाली आहे. आम्ही काळोखात निघतो आणि काळोख पडताना परततो. ती पाणी पीत नाही, खात नाही, कारण खाल्लं तर वाटेत पंचाईत. म्हापशाच्या स्टँडवर एक चहावाली तिला आपल्या घरात नेते. ओळख ना देख, पण तिनं दुसऱ्या दिवशी स्वतःहून हाक मारली. तुला बहीण आहे आणि तिच्या शौचाची सोय एक चहावाली करते, हे कानावर असू दे.

तिथल्या बाकावर हर्षाला मैत्रीण मिळाली आहे. सुर्ल्याची शांता. तोच रोग, तेच उपचार, त्याच आठवड्यात सुरू. नवरा सुदेश खाणीवर ट्रक चालवतो, पाळीवर जायच्या आधी तिला मोटरसायकलवरून सांखळीच्या स्टँडवर सोडतो. पुढचं ती एकटी. नवरा आणि सासू सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्याच दिवशी हर्षाला म्हणाली, "सकाळीं न्हावन, बरें लुगट नेसून रोज पणजेक वतां गो. शेजाऱ्यांक दिसता, माका नोकरी लागली."

"मगे पगार कितें सांगलो?" हर्षानं विचारलं.

"अजून हातांत येवंक ना म्हणलां."

दोघी हसल्या. समोरच्या बाकावरची माणसं बघत राहिली. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण मी काहीही वाचत नव्हतो.

तू तिला आणखी एक निरोप पाठवलास. 'भावजी घरात आसतना इतके म्हयने कळूंक ना?' तुला हे विचारायचा हक्क आहे. उत्तर मी तुला देणार नाही. पण काय झालं तेवढं सांगतो, कारण ते तुझ्याही घरचं आहे. शिमग्यापासून तिला अंगावरून जात होतं. पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईला. तिनं काजू संपू दे म्हटलं, मग भाताची लावणी होऊ दे म्हटलं. मग चवथ आली. साऱ्या भावकीचा एकच गणपती, सगळे मूळ घरात, आणि स्वयंपाकघर तिच्या हातात. अंगावरून जातं असं ती बोलली असती तर तिला बाजूला बसावं लागलं असतं. नेवऱ्या कोण भरणार-तळणार, खतखत्याच्या भाज्या कोण शिजवणार, आणि या वयात बाजूला का बसली म्हणून साऱ्या जावांना काय सांगणार. म्हणून ती बोलली नाही. सात दिवस उभी राहिली. गणपती पोचवून आल्यावर परसात पडली, तेव्हा मला कळलं.

ती आता म्हणते, "त्याच हातांच्या नेवऱ्यो सगळ्यांनी खाल्ल्यो. कोणाचें पोट दुखलें?"

मला किल्ली पाहिजे.

गोकुळदास


इब्रामपूर
२४ जानेवारी

रुद्रेश,

काल संध्याकाळी देवळातला शंभू आला. ओट्यावर बसेना, पाणी घेईना. गावाच्या वतीनं देवीपुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस, आवाज तीन वाड्यांना ऐकू जाणारा, आणि काल त्याचा आवाज माझ्या दारातून आत येत नव्हता. तुझा निरोप आणला होता.

मी देवीच्या मंडपात गावासमोर नारळ ठेवायचा. पेडण्याच्या सभेत तुला लावलेला बोल खोटा होता, रागाच्या भरात लावला, तो परत घेतो, असं म्हणायचं. शंभूनं त्यावर गाऱ्हाणं घालायचं, गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या दिवशी किल्ली.

शंभू म्हणाला, "मास्तर, हांव निरोप हाडटलो. माका शाप दिवं नाका."

मी म्हटलं, "तुला नाही देत. शाप द्यायला देवावर विश्वास लागतो. माझा नाही."

"मगे बरें," तो म्हणाला, "खोटें उलयलें तरी तुमका लागचें ना."

तो साधेपणानं बोलला. रात्रभर ते वाक्य माझ्या छातीवर बसून होतं. माझा देवावर विश्वास नाही, पण मंडपात उभ्या राहणाऱ्या माणसांवर आहे. त्या खांबांशी उभं राहून सांगितलेलं गावात खरं धरतात. वाटणीचे, बांधाचे, मोडलेल्या सोयरिकींचे तंटे तिथे मिटले आहेत. कोर्टात जे सिद्ध करायला पिढी जाते, ते तिथे एका नारळावर मिटतं. म्हणूनच तर तू कोर्ट नाही मागितलंस, मंडप मागितलास. तू हुशार आहेस. तुला ठाऊक आहे की प्लॉटवाल्यांविरुद्ध कोर्टात चाललेल्या डोंगराच्या दाव्यात बावीस घरांच्या सह्या आहेत आणि त्या माझ्या शब्दावर झाल्या आहेत.

माझा शब्द खोटा नव्हता. ज्या म्हाताऱ्यांचे अंगठे तू घेतलेस त्यांतले तिघे माझ्या ओट्यावर बसून रडले आहेत. मी आयुष्यभर वाचलं, पेडण्यापासून डिचोलीपर्यंत बोललो, पावसात छत्रीखाली चार माणसं असली तरी बोललो. माझ्यापाशी जमीन थोडी आहे, पैसा नाही. माझ्यापाशी एवढंच आहे, की गोकुळदास बोलला तर ते तसं असतं. तू नेमकं तेवढंच मागतो आहेस, आणि तेही बहिणीच्या अंथरुणाच्या बदल्यात.

मी येणार नाही. जा.

गोकुळदास

ता. क. पत्र पहाटे लिहिलं, टाकायचं राहिलं. आज शुक्रवार. हर्षा म्हापशाच्या स्टँडवर बसमध्ये चढता चढता खाली बसली. तिला उठवता आलं नाही. लाईट चुकली.


इब्रामपूर
३० जानेवारी

रुद्रेश,

तू काल मंडपात समोर होतास, तेव्हा काय झालं ते मी तुला सांगायची गरज नाही. पण तू ऐकलंस ते मोबाईल पुढे धरून. मी काय बोललो ते तुझ्यापाशी आहे. काय बोललो नाही ते लिहून पाठवतो.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, शुक्रवारी का आला नाहीत. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, शहरातल्या बायका पूर्ण करतात, लांबच्या गावांतल्या अर्ध्यावर सोडतात, मग वर्षा-दोन वर्षांनी परत येतात आणि तेव्हा आम्ही वेदना कमी करण्यापलीकडे काही करू शकत नाही. पुढे म्हणाले, रोग दोघींचा सारखाच असतो. हे ते अगदी सहज बोलले, रोज बोलावं लागत असल्यासारखे. मी हजार सभा केल्या असतील. एवढं भयंकर वाक्य मी कधी बोललो नाही.

परतताना बसमध्ये मी तुझा निरोप हर्षाला सांगितला. तोवर लपवला होता. तिनं खिडकीकडची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "जावं नाका."

मी म्हटलं, "तू बरी होशील."

"आनी तूं?"

कोलवाळच्या पुलावर ती पुन्हा म्हणाली, "जावं नाका." पण या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि तिनं माझी बाही धरून ठेवली होती. मी ठरवलं ते त्या बाहीवरून. ती जगायला मागत होती आणि ते तिला तोंडानं मागता येत नव्हतं.

तर काल लाईटीहून परतल्यावर मी आलो. नारळ ठेवला. माझा बोल खोटा होता, म्हणालो. रागानं लावला, म्हणालो. चांगलं बोललो. वाईट बोलता येत नाही मला, तीच अडचण आहे. एवढं पटेल असं बोललो की मागच्या खांबाशी उभी असलेली म्हातारी मान हलवायला लागली. माझ्या ओट्यावर रडलेल्या त्या तिघांपैकी एकाची ती बायको आहे. आपल्या नवऱ्याला फसवलं गेलं हे तिला ठाऊक होतं, आणि माझं ऐकून तिला वाटू लागलं की कदाचित नसेलही. शंभूनं गाऱ्हाणं घातलं. 'व्हय म्हाराजा' म्हणताना गावाचा आवाज नेहमीसारखा उठला नाही, पण उठला.

तू किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालास, "भावजी, मनांत कांय धरूं नाकात. ताय माझीच ती."

घरी आलो. हर्षा पडवीत बसली होती.

"कितें सांगलें?" तिनं विचारलं.

"तुझ्या भावानं सांगितलं ते."

"भाशण करूंक येता म्हणान ठावक आसलें. फट मारूंक पण इतली बरी येता?"

"खोटंही येतं म्हणायचं."

"आनी देवी?"

"ऐकत होती."

"आयकूं दी," ती म्हणाली. "तिका खंय लायट घेवची आसा."

मग उठली आणि पिशवी भरायला लागली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

आज तिला सोडायला गेलो तेव्हा फ्लॅट पाहिला. भिंती जुन्या आहेत. रंग दिलेला नाही.

गोकुळदास


सांताक्रूझ
९ मार्च

रुद्रेश,

हर्षाचे उपचार पुरे झाले. लाईट, औषध, आतली लाईट, सगळं. तो एक शुक्रवार सोडला तर एकही दिवस चुकला नाही. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकून ती खाली उतरून उंडे घेऊ लागली आहे. डॉक्टर म्हणाले, गाठ जवळजवळ दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तिचा जीव वाचला असेल तर तो तुझ्या किल्लीनं वाचला. हे मी लिहून देतो. यासाठी मंडप नको.

आता बाकीचं.

इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हर्षानं तुला विचारलं, शांतालाही माझ्याबरोबर राहू दे. दोन खोल्या आहेत, एक चटई पुरेल. तू म्हणालास, "ताय, ती धर्मशाळा न्हय. आयज एक, फाल्यां धा." हर्षानं शांताला ते सांगितलं नाही. सोसायटीची परवानगी लागते, असं काहीतरी सांगितलं. शांता म्हणाली, "जांव दी गो, माझी नोकरीच अशी, भायर गांवची." त्याच आठवड्यापासून तिची कातडी जळायला लागली. सुर्ल्यापासून उभ्यानं प्रवास, गर्दीत माणसं पोटावर रेलतात. मग सुदेशची पाळी बदलली, तिला स्टँडवर सोडायला कुणी राहिलं नाही. एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारी आली, पुढे तीन दिवस आली नाही. इस्पितळातून फोन गेला, ती 'येतां' म्हणाली. हर्षा रोज त्या बाकावर पिशवी ठेवून जागा धरायची. मग धरायची थांबली.

आणि गौरवी. तुझी बायको पेजेचा डबा घेऊन येते हे तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर आता झालं. फेब्रुवारीत एका दुपारी ती स्वयंपाकघरात उभी होती. हर्षा ओकून आली होती. गौरवी तिची पाठ चोळता चोळता म्हणाली, "हर्षाताय, माका पण झालेलें."

"कितें? मुतखडो?"

"मुतखडो खंयचो. हेंच."

दोन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसात बायकांची तपासणी झाली. तिला काहीही होत नव्हतं. ना दुखत होतं, ना जात होतं. तपासणीत निघालं, अगदी सुरुवातीचं. आठवड्याच्या आत छोटं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. महिन्याभरानं ती तुमच्या साईशच्या साखरपुड्यात पैठणी नेसून फिरत होती आणि हर्षानं विचारलं तर तू म्हणालास, मुतखडा काढला. आम्ही तिच्यासाठी कुळथाचं पीठ पाठवलं होतं.

हर्षानं तिला विचारलं, "मगे सांगूंक कित्याक ना?"

"हांणी सांगूं नाका म्हणलें. साईशाचें लग्न जुळटालें. लोकांक कळ्ळें जाल्यार."

हर्षानं डबा उघडला. मग म्हणाली, "पेज थंड जाता." आणि दोघी जेवल्या.

मी मात्र तुला सोडणार नाही. गौरवी वाचली याचा मला आनंद आहे. प्रत्येक बाईनं असंच वाचावं. पण तू तुझ्या सख्ख्या बहिणीला फक्त एवढं सांगितलं असतंस, की बायकांना असं होतं, तपासून घ्यावं लागतं, तर शिमग्यात पहिला डाग दिसला तेव्हाच तिला कळलं असतं की हा काय आहे. तिनं त्याच्यावर काजू, लावणी आणि चवथ रचली नसती. शहराला तपासणी मिळते आणि गावाला मुतखडा. डोंगर लुटलास त्याचा हिशोब कोर्ट करील असं मला वाटायचं. ही लूट कुठल्या कोर्टात नेऊ?

कोर्टाचंही सांगून टाकतो. बावीस घरांतल्या सतरांनी दाव्यातून अंग काढून घेतलं. कुणी भांडायला आलं नाही. गुरुदास तेवढा आला. त्याचा अंगठा तू घेतला होतास. त्यानं विचारलं, "मास्तर, तुमी आदीं फट मारताले काय आतां मारली?" मी म्हटलं, "आता." तो म्हणाला, "मगे तें मंडपांत कशें सांगतलां?" तो उठून गेला.

आम्ही पुढच्या आठवड्यात गावी जाऊ.

गोकुळदास


इब्रामपूर
१७ ऑगस्ट

रुद्रेश,

तुझे चार निरोप मिळाले. फ्लॅटाला गिऱ्हाईक आहे, किल्ली पाठवा. आजवर उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आता आहे.

आधी शांता. ती गेली. गेल्या महिन्यात, सुर्ल्यात, घरीच. मूत्रपिंडं बंद पडली होती. हर्षाला सुदेशचा फोन आला. आम्ही गेलो तेव्हा त्यानं ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "पणजेक नोकरी करताली. कामान थकली." शेजारी माना डोलावत होते. मी तोंड उघडणार होतो. हर्षानं माझ्या पायावर पाय दिला. वाटेत म्हणाली, "तिचें तें तितलें तरी तिका आसूं दी."

दोघी एका आठवड्यात सुरू झाल्या होत्या. डॉक्टर तेच, यंत्र तेच, बाक तोच. हर्षाची तपासणी जूनमध्ये झाली, स्वच्छ निघाली. आता डिसेंबरात पुन्हा. मी वाचलेला माणूस आहे, पुस्तकांतून मला याची मोठी कारणं देता येतील. पण हर्षाजवळ एक खोली होती आणि शांताजवळ नव्हती, याच्यापुढे मला एकही कारण सापडत नाही.

आमच्या वाड्यावरची सुमंगला तुला आठवेल. हर्षाच्या शाळेतली, काजूच्या बागेत मजुरीला जाते. जुलैत तिला डाग दिसला. ती काजू संपू दे म्हणाली नाही, चवथ होऊ दे म्हणाली नाही. सरळ आमच्या दारात आली आणि हर्षाला म्हणाली, "तुका जालें तें माका जालां दिसता." गावात आता बायका हर्षाकडे येतात. माझ्याकडे भाषण ठरवायला कुणी येत नाही, पण पडवी रिकामी नसते. हर्षा त्यांना सगळं सांगते. डागाचं, तपासणीचं, नेवऱ्यांचं. मुतखड्याचंही सांगते. तू रागावशील. रागाव.

सुमंगलाची लाईट चालू आहे. ती चवथीला घरी येणार नाही. हर्षानंच तिला बजावलं, "गणपती पुढच्या वर्साय येतलो. तूं हांगा येवं नाका."

तुझा चौथा निरोप आला तेव्हा हर्षा नारळ किसत होती. मी वाचून दाखवला. ती उत्तर सांगू लागली, "बरय, किल्ली सांडली म्हणान."

मी म्हटलं, आता एकही खोटं मी लिहिणार नाही. होतं तेवढं सगळं मी एका दिवसात वापरून टाकलं.

"मगे खरें बरय," ती म्हणाली, आणि किसत राहिली.

तर खरं लिहितो. किल्ली हरवलेली नाही. मला न विचारता हर्षानं ती सुमंगलाला दिली आहे, आणि उपचार पुरे होईपर्यंत ती तिच्यापाशीच राहील. तुझ्या गिऱ्हाइकाला थांबायला सांग. तो थांबत नसेल, तर सांताक्रूझला जा आणि कुलूप फोड. संध्याकाळी चारनंतर जा. तोवर ती बांबोळीहून आलेली असते.

गोकुळदास